विस्थापित आणि स्थलांतरितांसाठी प्रोटेक्शन कोऑर्डिनेशन: पहिल्यांदाच जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

युद्ध असो, पूर असो, भूकंप असो, लोक घरं सोडून निघाले की थोड्याच दिवसांत तिथे संस्था येतात, तंबू येतात, रेशन येतं, आणि कुणाला तरी सांगितलं जातं की प्रोटेक्शनचं कोऑर्डिनेशन आता तुम्ही बघा. हा लेख त्या माणसासाठी आहे. तुम्ही कदाचित केसवर्कर होतात, किंवा एका संस्थेचा एक प्रोग्राम चालवत होतात, आणि आता अचानक दहा-वीस संस्था, सरकारी खाती, यूएनच्या एजन्सी या सगळ्यांना एकत्र घेऊन चालायचंय. मी या कामातून गेलेय, त्यामुळे सुरुवात कुठून करायची, कशात जीव ओतायचा आणि कशात वेळ वाया जातो, ते सांगते.

पहिल्याच आठवड्यात पाणीवाले, तंबूवाले, डॉक्टर, सगळे तुम्हाला विचारतील की प्रोटेक्शन म्हणजे नेमकं करता काय, कारण बाकीच्यांचं काम डोळ्यांना दिसतं आणि आपलं दिसत नाही. उत्तर तयार ठेवा. लोकांना मारहाण, लैंगिक हिंसा, जबरदस्तीची भरती, मानवी तस्करी, कागद नाहीत म्हणून अडवणूक, मुलांची ताटातूट, जिथून जीव वाचवून आले तिथेच परत ढकललं जाणं, हे होऊ नये म्हणून काम करायचं, झालंच तर त्या माणसाला मदत मिळवून द्यायची, आणि हे थांबवणं ज्यांचं कर्तव्य आहे, म्हणजे सगळ्यात आधी तिथलं सरकार आणि हत्यारं बाळगणारे गट, त्यांच्याकडून ते करून घ्यायचा प्रयत्न करायचा.

आणि माझं ठाम मत आधीच सांगून टाकते. कोऑर्डिनेशन नीट चाललंय की नाही हे एकाच गोष्टीवरून कळतं: रात्री दोन वाजता कॅम्पमध्ये एखाद्या मुलीवर अत्याचार झाला तर गेटवरच्या पहारेकऱ्याला, पाण्याच्या टाकीवरच्या स्वयंसेवकाला माहीत आहे का की कुणाला फोन करायचा, आणि तो फोन उचलला जातो का. खाली जे काही लिहिलंय ते सगळं याच्याच भोवती आहे.

१. समोरची माणसं कायद्याच्या नजरेत कोण आहेत ते समजून घ्या

दिसायला सगळे सारखेच दमलेले असतात, पण कुणाला कोणता कायदा लागू होतो यावर पुढचं सगळं ठरतं, जबाबदार एजन्सी कोणती, सरकारकडे काय मागायचं, कुठल्या शब्दांत मागायचं, सगळंच.

अंतर्गत विस्थापित म्हणजे आपल्याच देशात घर सोडून दुसरीकडे गेलेले. २०२४ संपताना जगात जबरदस्तीने विस्थापित झालेल्यांचा यूएनएचसीआरचा (यूएनची निर्वासितांसाठीची एजन्सी) आकडा १२ कोटी ३२ लाख होता आणि त्यातले निम्म्याहून जास्त लोक असे देशातल्या देशातच होते. यांच्यासाठी १९९८ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, एकूण ३० आहेत, करारासारखी बंधनकारक नाहीत पण सरकारशी बोलताना खूप उपयोगी पडतात. त्यातलं विसावं तत्त्व तर प्रिंट काढून जवळ ठेवा, त्यात म्हटलंय की हरवलेली कागदपत्रं परत देताना "आधी मूळ गावी जा" असल्या अटी घालू नयेत. रोज लागणारी गोष्ट आहे ही. आफ्रिकेत याशिवाय कंपाला करार आहे, २००९ चा, २०१२ पासून लागू, आणि ज्या देशांनी तो स्वीकारलाय त्यांच्यावर तो बंधनकारक आहे.

निर्वासित म्हणजे छळाच्या भीतीने सीमा ओलांडलेले, त्यांच्यासाठी १९५१ चा करार आणि १९६७ चा प्रोटोकॉल. कलम ३३ सगळ्यात महत्त्वाचं, जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथे परत पाठवायचं नाही. लाखो निर्वासितांना आसरा देणाऱ्या काही देशांनी, उदाहरणार्थ बांगलादेश, लेबनॉन, जॉर्डन, या करारावर सही केलेली नाही. म्हणून तिथे हात टेकायचे असं नाही, यूएनच्या छळाविरोधी करारातलं तिसरं कलमही सांगतं की जिथे यातना दिल्या जातील तिथे परत पाठवायचं नाही आणि या तिन्ही देशांनी तो करार मान्य केलाय.

स्थलांतरित म्हणजे कामासाठी, शिक्षणासाठी आलेले परदेशी, कागद असलेले आणि नसलेले दोन्ही. संकट आलं की हे सगळ्यात आधी यादीतून गळतात, त्यांच्यावर खाली वेगळं लिहिलंय. आणि कुठल्याच देशाचं नागरिकत्व नसलेले लोक, ते या तिन्ही गटांत सापडू शकतात.

एक धोका: हे वर्गीकरण तुमच्या डोक्यात आणि तुमच्या फाइलमध्ये ठेवा, मदतीच्या रांगेत नको. रेशन किंवा उपचार देताना पहिला प्रश्न "तुमचे कागद दाखवा" असा झाला की ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे तेच रांग सोडून जातात.

२. इथला समन्वय कुणाच्या हातात आहे ते शोधा

नवीन माणूस इथेच गोंधळतो. साधारण चित्र असं असतं:

- देशांतर्गत विस्थापन असेल तर बहुतेक ठिकाणी क्लस्टर पद्धत, म्हणजे पाणी, निवारा, आरोग्य अशा एकेका विषयाचा संस्थांचा एक गट आणि त्याचं नेतृत्व ठरलेल्या एजन्सीकडे. ही २००५ च्या सुधारणांमधून आली आणि त्याच वर्षीच्या पाकिस्तानातल्या भूकंपात पहिल्यांदा वापरली गेली. जागतिक पातळीवर प्रोटेक्शन क्लस्टरचं नेतृत्व यूएनएचसीआरकडे आहे, त्याच्या आत बालसंरक्षण युनिसेफकडे, लिंगाधारित हिंसेचा विषय यूएनएफपीएकडे (यूएनचा लोकसंख्या निधी), भूसुरुंगांचा अनमासकडे (यूएनची भूसुरुंगविरोधी सेवा), आणि घर-जमीन-मालमत्ता बरीच वर्षं नॉर्वेजियन रेफ्युजी कौन्सिलकडे.
- निर्वासित असतील तर क्लस्टर नाही, यूएनएचसीआरचं स्वतःचं रेफ्युजी कोऑर्डिनेशन मॉडेल, २०१३ पासूनचं.
- दोन्ही एकाच जागी असतील तर ओचा (यूएनचं मदत-समन्वय कार्यालय) आणि यूएनएचसीआर यांच्यात २०१४ मध्ये ठरलेली संयुक्त नोट बघा, कोण काय बघणार हे त्यात आहे.
- कॅम्प व्यवस्थापन हा बरीच वर्षं वेगळा क्लस्टर होता, संघर्षात यूएनएचसीआर आणि नैसर्गिक आपत्तीत आयओएम (यूएनची स्थलांतर संस्था).

हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात २०१७ मध्ये रोहिंग्या बांगलादेशातल्या कॉक्सबझारला आले तेव्हा तिथे इंटर सेक्टर कोऑर्डिनेशन ग्रुप नावाची वेगळीच रचना चालली, व्हेनेझुएलातून बाहेर पडलेल्या लोकांसाठी २०१८ पासून यूएनएचसीआर आणि आयओएम दोघं मिळून एक प्रादेशिक व्यासपीठ चालवतात. शिवाय २०२५ मध्ये निधी प्रचंड आटला, त्यानंतर अनेक ठिकाणी ग्रुप एकत्र केले गेले, पदं कमी झाली. त्यामुळे जुन्या ऑर्गनायझेशन चार्टवर विसंबू नका, पोचल्या पोचल्या तीन माणसांना भेटा: सरकारच्या आपत्ती किंवा समाजकल्याण खात्यातला अधिकारी, ओचाचा माणूस (नसेल तर यूएनच्या तिथल्या प्रमुखाचं, म्हणजे रेसिडेंट कोऑर्डिनेटरचं ऑफिस), आणि त्या भागात वर्षानुवर्षं काम करणाऱ्या एखाद्या स्थानिक संस्थेची प्रमुख व्यक्ती. तिसरी भेट सगळ्यात जास्त शिकवते.

इथला सापळा म्हणजे आल्याआल्या नवीन वर्किंग ग्रुप काढणं. आधीच बालसंरक्षणाचा ग्रुप आहे, महिला खात्याची जिल्हा समिती आहे, त्यात तुम्ही अजून एक काढला की तेच चार लोक तीन मीटिंगला बसतात आणि फील्डवर कुणी जात नाही. असलेल्यात शिरा, नसेल तरच काढा.

३. पहिल्या आठवड्यात हाताशी असायला हवं असं

कागद:
- यजमान देशाचे कायदे: परदेशी नागरिक कायदा, बालन्याय, जन्म-मृत्यू नोंदणी, आपत्ती कायदा. पूर्ण वाचून होणार नाहीत, स्थानिक वकिलाकडून दोन पानी सारांश करून घ्या
- १९९८ ची तत्त्वं आणि १९५१ चा करार, स्थानिक भाषेतल्या प्रती
- स्फिअर हँडबुक (मदतकार्याची किमान मानकं), २०१८ ची आवृत्ती
- बालसंरक्षणाची किमान मानकं, २०१९ ची
- आयएएससीची (यूएन आणि इतर मदत संस्थांची समन्वय समिती) लिंगाधारित हिंसेवरची २०१५ ची मार्गदर्शिका आणि सोबतचं छोटं पॉकेट गाइड
- आयसीआरसीची (रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती) प्रोटेक्शन कामाची व्यावसायिक मानकं
- आधीच्या कोऑर्डिनेटरच्या मीटिंगची मिनिट्स, किमान शेवटच्या सहा महिन्यांची

साधनं: ऑफलाइन चालणारा फॉर्म (बहुतेक जण कोबो नावाचं ॲप वापरतात), कुलूपबंद कपाट, पासवर्ड असलेला वेगळा लॅपटॉप, कामासाठी वेगळं सिम, आणि छापलेला नकाशा. नेटवर्क जातं तेव्हा छापलेला नकाशाच कामी येतो.

माणसं: दुभाषे. स्त्री आणि पुरुष दोन्ही, आणि शक्यतो संघर्षातल्या एकाच गटाचे नकोत. दुभाष्याकडून गोपनीयतेची सही घ्या आणि त्याला अर्धा दिवस तरी ट्रेनिंग द्या, हे टाळू नका. बाई घडलेलं सांगत असताना दुभाष्यानेच मान हलवून नापसंती दाखवली की ती पुढे एक शब्द बोलत नाही.

४. रेफरल पाथवे, सगळ्याच्या आधी

तुमच्याकडे पहिल्या पंधरवड्यात एकच काम पूर्ण करायची ताकद असेल तर हे करा. विश्लेषण, स्ट्रॅटेजी, लोगो, सगळं नंतर.

रेफरल पाथवे म्हणजे कुठल्या प्रकारची घटना समोर आली तर माणसाला कुठे, कुणाकडे, किती वेळात पोचवायचं याची लिहिलेली वाट. सुरुवात आरोग्यापासून करा कारण तिथे घड्याळ चालू असतं. बलात्कारानंतर एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि गर्भधारणा टाळायची गोळी १२० तासांपर्यंत देता येते. म्हणजे कुठल्या दवाखान्यात ही औषधं आज कपाटात आहेत, देणारी प्रशिक्षित नर्स कोणत्या वेळी असते, आणि त्या देशात आधी पोलीस तक्रार लागते का, ही तीन उत्तरं तुम्हाला नावानिशी माहीत हवीत. पोलीस रिपोर्टशिवाय उपचार नाही असा नियम किंवा नुसता समज अनेक ठिकाणी असतो, तो असेल तर आरोग्य खात्याशी बसून तोडगा काढणं हे तुमचं पहिलं सरकारी काम.

मग एकेक सेवा जोडत जा: मानसिक आधार, कायदेशीर मदत, सुरक्षित निवारा, एकट्या मुलांसाठी केस मॅनेजमेंट (एका केसवर्करने एकेका मुलाचा सलग पाठपुरावा करणं), अपंग व्यक्तींसाठी सेवा, हरवलेल्या नातेवाइकांचा शोध (यासाठी रेड क्रॉस-रेड क्रेसेंटचं कुटुंब जोडणी नेटवर्क आहे, वेगळी यंत्रणा उभारू नका). प्रत्येक सेवेसमोर संस्थेचं नाव, जागा, वेळ, भाषा, आणि दोन नंबर, एक बंद असला तर दुसरा. कुणाला सेवा देत नाहीत तेही लिहा. "फक्त नोंदणीकृत निर्वासितांसाठी" अशी अट असेल आणि ती पाथवेवर लिहिलेली नसेल तर एखादी बाई दोन तास चालत जाऊन परत येते, आणि परत कधी मदत मागायला येत नाही.

लिहून झालं की तपासा. म्हणजे खरंच, यादीतला प्रत्येक नंबर फिरवा, दिवसा एकदा आणि रात्री एकदा, रविवारीही. मी हे दर महिन्याला करते आणि प्रत्येक वेळी काहीतरी बदललेलं सापडतं, कुणाचा प्रोजेक्ट संपलेला असतो, कुणी नोकरी सोडलेली असते. पाथवेवर वर तारीख टाका आणि जुन्या प्रती भिंतींवरून स्वतः काढायला लावा.

मग तो एका पानाचा, चित्रांचा करा, आणि प्रोटेक्शनवाल्यांना नव्हे तर बाकीच्यांना द्या: पाण्याचे स्वयंसेवक, ट्रक ड्रायव्हर, शिक्षक, रेशन वाटणारे. लोक आपला अनुभव ज्याच्याशी ओळख आहे त्याला सांगतात, आणि ती ओळख बहुतेक वेळा आपली नसते. या मंडळींना तीनच गोष्टी शिकवायच्या, बघा, ऐका, जोडून द्या. चौकशी करायची नाही, "नक्की काय झालं, कोण होता" असं खोदून विचारायचं नाही, आणि त्या व्यक्तीच्या होकाराशिवाय कुणालाही कळवायचं नाही. मुलांच्या बाबतीत आणि जिवाला तातडीचा धोका असेल तेव्हा नियम वेगळे असतात, शिवाय काही देशांत कायद्याने कळवणं सक्तीचं असतं, ते आधी तपासून पाथवेवर एका ओळीत लिहा, आणि व्यक्तीने बोलायला सुरुवात करण्याआधीच तिला ते सांगायचं हेही शिकवा.

एकट्या मुलांबद्दल जरा थांबून सांगते. गर्दीत हरवलेलं मूल दिसलं की कुणीतरी लगेच त्याला अनाथ म्हणतं आणि अनाथाश्रमात पाठवतं. २०१० मध्ये हैतीतल्या भूकंपानंतर एक परदेशी गट ३३ मुलांना "अनाथ" म्हणून सीमेपलीकडे नेताना पकडला गेला, नंतर कळलं की त्या मुलांचे आईवडील, निदान एक पालक तरी, जिवंत होते. त्यामुळे क्रम पक्का ठेवा: मूल जिथे सापडलं तिथली जागा, वेळ, कपडे, सोबत कोण होतं याची नोंद त्याच दिवशी करा, नातेवाइकांचा शोध लगेच सुरू करा, तोवर शक्यतो ओळखीच्या किंवा त्याच समाजातल्या तपासलेल्या कुटुंबात ठेवा आणि भेटी देत राहा. संस्थेत ठेवणं शेवटचा पर्याय, आणि दत्तक हा विषय आणीबाणीत काढायचाच नाही.

५. कोण, कुठे, काय करतंय

याला फार वेळ देऊ नका पण करा. एक शीट, त्यात संस्था, ठिकाण, सेवा, कधीपासून, कधीपर्यंत, कुणासाठी. "कधीपर्यंत" हा कॉलम लोक विसरतात, आणि सेवा कधी बंद पडणार हे दोन महिने आधी कळलं तरच पर्याय शोधता येतो. नकाशावर टाकलं की दिसतं की रस्त्याजवळच्या कॅम्पमध्ये पाच संस्था मुलांसाठी खेळाचे तंबू चालवतायत आणि आत वीस किलोमीटरवर कुणीच नाही. हे चित्र मीटिंगमध्ये नुसतं दाखवा, कुणाला बोल लावायची गरज पडत नाही.

आणि कॅम्पबाहेरचे विसरू नका, बरेच विस्थापित नातेवाइकांकडे, भाड्याच्या खोलीत, अर्धवट बांधलेल्या इमारतींत राहतात.

६. धोक्याचं विश्लेषण

"महिला, मुलं, वृद्ध आणि अपंग हे असुरक्षित आहेत" हे वाक्य तुम्ही प्रत्येक रिपोर्टमध्ये वाचाल, आणि त्यावरून करायचं काय हे कुणालाच कळत नाही. त्यापेक्षा तीन प्रश्न विचारा: धोका कुणाकडून आहे आणि तो असं का वागतोय, त्याची झळ नेमकी कुणाला आणि का बसते, आणि लोक स्वतः त्यातून वाचायला आत्ता काय करतायत.

समजा सरपण आणायला गेलेल्या बायकांवर हल्ले होतायत. धोका म्हणजे त्या वाटेवरच्या चेकपोस्टवरची हत्यारबंद माणसं. झळ बसते ती ज्या घरात इंधनाला पैसे नाहीत त्यांना. आणि बायकांनी स्वतःच ठरवलंय की गटाने आणि पहाटेऐवजी उजेडात जायचं. आता तुमच्यासमोर तीन वेगवेगळी कामं आली, चेकपोस्टच्या कमांडरशी कुणी बोलायचं (बहुतेक वेळा आयसीआरसी किंवा यूएनमधलं वरिष्ठ कुणी, तुम्ही एकटे नाही), इंधन किंवा सुधारित चुली कुणी द्यायच्या, आणि बायकांच्या गटाला काय हवंय. प्रत्येक कामावर नाव आणि तारीख.

लोकांशी बोलताना बायकांशी वेगळं, तरुण मुलांशी वेगळं, वृद्धांशी वेगळं बसा. कॅम्पचे पुढारी सोबत आले तर आदराने चहापाणी करा पण चर्चा त्यांच्यासमोर करू नका. आणि गटात कुणालाही स्वतःवर काय झालं ते विचारायचं नाही, "इथे बायकांना कुठे जायला भीती वाटते" एवढं पुरतं. किती बलात्कार झाले असा आकडा डोनर मागेल, पत्रकार मागतील. लिंगाधारित हिंसा होत असणार असं धरूनच सेवा उभ्या करायच्या, पुरावा मिळेपर्यंत थांबायचं नाही, हे २०१५ च्या मार्गदर्शिकेतच लिहिलंय, तेच त्यांना दाखवा.

७. माहिती: जी वापरणार नाही ती गोळा करू नका

जानेवारी २०२२ मध्ये आयसीआरसीच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि ५ लाख १५ हजारांहून जास्त लोकांची माहिती चोरांच्या हाती गेली, सगळे ताटातूट झालेले, बेपत्ता, कोठडीतले, असेच लोक. एवढ्या काळजी घेणाऱ्या संस्थेचं हे होऊ शकतं तर आपल्या एक्सेल फाइलींचं काय.

नियम असे ठेवा. केसची माहिती फक्त केस हाताळणाऱ्या संस्थेकडे, कोऑर्डिनेटर म्हणून तुमच्याकडे नावं येताच कामा नयेत, तुम्हाला फक्त प्रकार आणि कल लागतात. फार कमी संख्या असेल तर तीही छापू नका, एका छोट्या वस्तीत "१ घटना" लिहिली की सगळ्यांना कळतं कोण ते. व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव, फोटो, आजार, तंबू नंबर टाकणं पूर्ण बंद, हे पहिल्या मीटिंगला सांगा आणि कुणी टाकलं तर लगेच काढायला लावा. संस्थांमध्ये माहिती देण्याघेण्याचा लेखी करार करा. सरकार किंवा सुरक्षा दलाने नावांची यादी मागितली तर तिथल्या तिथे हो-नाही करू नका, "लेखी द्या, वरिष्ठांकडे पाठवते" म्हणा आणि खरंच पाठवा. ऑफिस घाईने सोडावं लागलं तर कुठल्या फाइली न्यायच्या, कुठल्या नष्ट करायच्या आणि ते कुणी करायचं, हेही आधीच लिहून ठेवा.

८. बाकीच्या सेक्टरना सोबत घ्या

खूप प्रोटेक्शन तर संडास, दिवे आणि रांगा यांतच होतं. स्फिअरचं माप आहे २० माणसांमागे १ संडास, आणि शक्य तिथे बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट. आकडा पूर्ण झाला म्हणून खूश होऊ नका, आतून कडी आहे का, उजेड आहे का, वाट कुणाच्या अड्ड्यासमोरून जाते का, हे संध्याकाळी स्वतः चालून बघा. निवाऱ्यात माणशी किमान साडेतीन चौरस मीटर म्हटलंय, पण अनोळखी तीन कुटुंबं एका हॉलमध्ये पडद्याशिवाय असतील तर क्षेत्रफळ बरोबर असूनही बायका रात्रभर जाग्या राहतात.

इंजिनिअरशी बोलताना "प्रोटेक्शन मेनस्ट्रीमिंग" (म्हणजे प्रत्येक सेवेतच लोकांची सुरक्षा बघणं) हा शब्द वापरू नका, थेट सांगा की कडी लावा, दिवा इथे हवा, वाटप तीनच्या आत संपवा म्हणजे लोक उजेडात घरी पोचतील. लगेच करतात, चांगली माणसं असतात ती.

९. स्थलांतरित कामगार आणि विद्यार्थी निसटतात, त्यांना शोधा

२०११ मध्ये लिबियात युद्ध पेटलं तेव्हा तिथे काम करणारे लाखो परदेशी कामगार अडकले, पासपोर्ट मालकाकडे, पगार थकलेला, भाषा येत नाही. तसल्या अनुभवांतूनच पुढे २०१६ मध्ये संकटात सापडलेल्या स्थलांतरितांसाठी मिसिक नावाची मार्गदर्शक सूत्रं आली. २०२२ मध्ये युक्रेनमधून लोक बाहेर पडले तेव्हा युरोपीय संघाने तात्पुरतं संरक्षण लागू केलं, पण युक्रेनमध्ये तात्पुरत्या परवान्यावर राहणारे परदेशी विद्यार्थी आणि कामगार त्यात आपोआप बसले नाहीत, त्यांचं काय करायचं हे एकेका देशावर सोडलं गेलं. म्हणजे नियम चांगला असला तरी ही माणसं कडेला पडतात.

हे लोक कॅम्पमध्ये येत नाहीत, अटकेची भीती असते. बांधकामाच्या साइट, शेतं, मच्छीमार बंदरं, त्यांची प्रार्थनास्थळं, पैसे पाठवायची दुकानं, इथे शोधा. घरकाम करणाऱ्या बायका तर बंद दारांमागे असतात, मालक निघून गेले आणि त्या कुलपात राहिल्या असंही होतं, त्यांच्याच समाजाचे फोन ग्रुप आणि कामगार संघटना एवढाच मार्ग असतो. सूचना त्यांच्या भाषेत, आणि ऑडिओ स्वरूपात, कारण वाचता येईलच असं नाही.

सगळ्यात मोठी चूक इथे होते ती अशी: परदेशी माणूस दिसला की लगेच त्याच्या दूतावासाला फोन. बहुतेकांना ते हवंच असतं, पासपोर्ट, तिकीट, सगळं तिथूनच होणार. पण त्यातला एखादा आपल्याच सरकारपासून पळालेला असेल तर तुम्ही त्याचा पत्ता कळवून त्याला आणि घरच्यांना धोक्यात घातलंत. म्हणून आधी एकट्यात विचारा, परत जायला भीती वाटते का, दूतावासाशी बोलायचंय का. होकार नसेल तर फोन नाही, आणि भीती सांगितली तर यूएनएचसीआरकडे रेफर. १९६३ च्या व्हिएन्ना करारातही कोठडीतल्या परदेशी माणसाने मागणी केली तर दूतावासाला कळवायचं असंच आहे.

तस्करीचा संशय असेल तर आणखी एक गोष्ट, १८ खालच्या मुलाच्या बाबतीत फसवणूक किंवा जबरदस्ती झाली हे सिद्ध करावं लागत नाही, शोषणासाठी नेलं एवढं पुरतं, असं २००० च्या पालेर्मो प्रोटोकॉलमध्ये स्पष्ट आहे. "पण तो स्वतःहून आला" हे उत्तर मुलाबद्दल ऐकून घेऊ नका.

१०. आपल्याच माणसांकडून शोषण

यावर बोलायला लोक टाळतात, तुम्ही पहिल्याच मीटिंगला बोला. मदतीच्या बदल्यात शरीरसंबंध मागणं, कार्डावर नाव घालायला पैसे घेणं, हे घडतं, आणि करणारा कुठल्या तरी संस्थेचा जॅकेट घातलेला असतो. यूएनचा २००३ चा नियम सगळ्यांना माहीत करून द्या: १८ खालच्या कुणाशीही संबंध पूर्ण बंद, तिथला संमतीचा कायदा काहीही असो, पैसा, नोकरी, सामान याच्या बदल्यात संबंध बंद, आणि संशय आला तर कळवणं हे प्रत्येक कर्मचाऱ्याचं कर्तव्य. ठेकेदाराचे मजूर आणि ट्रकवालेही यात येतात हे लेखी करारात घाला.

तक्रारीसाठी पेटी ठेवली म्हणजे काम झालं असं नाही. चौकात ठेवलेल्या पेटीत कोण सगळ्यांसमोर चिठ्ठी टाकणार, आणि लिहिता न येणाऱ्यांचं काय. लोकांनाच विचारा त्यांना कसं सांगायला सोपं जाईल, बऱ्याचदा उत्तर येतं की एक विश्वासू बाई, ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी. आणि तक्रारीचं पुढे काय झालं ते परत जाऊन सांगा.

११. मीटिंग

छोटी ठेवा. तासाभराची, स्थानिक भाषेत, इंग्रजीवाल्यांनी दुभाष्याचा हेडफोन लावावा. अजेंड्यावर आधी अडलेल्या गोष्टी, मग बाकी, "आम्ही या आठवड्यात काय केलं" हे शीटवर भरून पाठवायचं, तोंडी नको. स्थानिक संस्थांना येण्याजाण्याचा खर्च परवडत नाही, तो बजेटमध्ये धरा. मीटिंगला कोण आलं नाही याची नोंद ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्यांना फोन करा. आणि एकाही केसची चर्चा मोठ्या मीटिंगमध्ये नाही, त्यासाठी केस कॉन्फरन्स वेगळी, संबंधित दोन-तीन लोकांचीच.

निधीच्या अपीलच्या वेळी सगळे आपापले प्रोजेक्ट पुढे रेटतात. तेव्हा पाथवे आणि "कोण कुठे" शीट समोर ठेवा आणि कुठली वाट पैशाअभावी तुटणार आहे त्यावरून क्रम लावा. केस मॅनेजमेंटला सगळ्यात आधी, कारण चालू केस मध्येच सोडता येत नाही. माझ्या मते एकदाच्या जनजागृती कार्यक्रमांना सगळ्यात शेवटी.

१२. परत जाण्याची वेळ आणि तुमचं हँडओव्हर

काही महिन्यांनी सरकार म्हणतं कॅम्प बंद करायचाय, लोकांना परत पाठवा. इथे घाई होते. परत जाणं, आहे तिथेच स्थिरावणं, तिसरीकडे वसणं, हे तिन्ही मार्ग मान्य आहेत आणि निवड त्या माणसाची, १९९८ च्या तत्त्वांतलं अठ्ठाविसावं तत्त्व तेच सांगतं, स्वेच्छेने, सुरक्षितपणे, सन्मानाने. २०१० चा आयएएससीचा एक आराखडा आहे त्यात सुरक्षितता, राहणीमान, रोजगार, घर-जमीन, कागदपत्रं, कुटुंबाचं एकत्र येणं असे निकष दिलेत, त्यांची चेकलिस्ट करून कॅम्पबंदीच्या चर्चेत घेऊन बसा. जाण्याआधी काही जणांना तिथे जाऊन स्वतः बघून येऊ द्या, भूसुरुंग आहेत का ते अनमास किंवा तिथल्या यंत्रणेकडून लेखी घ्या, जमिनीचे कागद नसलेल्यांना (विधवांना खास करून, जमीन नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असते) वकिलाशी आधीच जोडून द्या. आणि पाणी तोडून, रेशन थांबवून लोकांना "स्वेच्छेने" निघायला लावलं जात असेल तर ते लेखी मांडा, तारखेसकट, आणि वरिष्ठांपर्यंत पोचवा.

तुम्ही निघाल तेव्हा पुढच्या माणसाला द्यायचं ते असं: चालू पाथवे आणि तो शेवटचा कधी तपासला ती तारीख, माहिती देण्याघेण्याचे करार, सरकारी अधिकाऱ्यांसोबत तोंडी ठरलेल्या पण कुठेच न लिहिलेल्या गोष्टी, कुठल्या सेवा येत्या तीन महिन्यांत संपतायत त्यांची यादी, आणि शक्य असेल तर एक आठवडा दोघांनी एकत्र काम. त्या आठवड्यात नंबर तपासायचे फोन नव्या माणसाला स्वतः करू द्या, रात्रीचेही.